धाकू परबांचा निरोप

मध्यवर्ती कारागृह
६ जुलै २०२५, रविवार

प्रिय शीतल,

तुझं पत्र मिळालं. पाकिटाला कात्री लागलेली होती आणि वर जांभळा शिक्का होता, 'तपासले'. इथे येणारं आणि इथून जाणारं प्रत्येक पत्र साहेब आधी उघडून वाचतात. तेव्हा यापुढे त्यांना कंटाळा येणार नाही असं काहीतरी लिहीत जा. मागच्या चार पानांत तू नुसती माझी तब्येतच विचारलीस, साहेब बिचारे जांभया देत असतील.

तर तब्येत ठणठणीत आहे. जेवण बेताचं, पण तुझ्या मामाने आयुष्यात याहून वाईट खाल्लंय. बराकीत पन्नास माणसं आहेत. माझ्या शेजारचा रोज विचारतो, 'पाटोळे, तू चर्चमध्ये काय होतास?' मी सांगतो, घंटा वाजवायचो, झाडू मारायचो, गाडी चालवायचो, आणि लांबलचक उपदेशाला झोपायचो. तुझी आई आता घंटा वाजवते असं कळलं. नलिनीआक्काला सांग, दोरी ओढायची असते, तिला लोंबकळायचं नसतं.

आता एक गोष्ट नीट वाच. त्या पहाटे गाडी मी चालवत होतो. पार्ल्याच्या वळणावर पेपरवाल्याची सायकल मला दिसली नाही. धडक बसल्यावर मी बराच वेळ तसाच बसून राहिलो, मग त्याला दवाखान्यात नेलं, तोवर उशीर झाला. हे मी पोलिसांना सांगितलंय आणि कोर्टातही सांगणार आहे. तू तेव्हा जुहूच्या वाळूत उभी राहून उपदेश करत होतीस, आख्खी मंडळी साक्षीला आहे. उगाच मनाला लावून घेऊ नकोस. पाळकपदाच्या दीक्षेची तयारी कर आणि वेळेवर जेव.

तुझा
शांतवनमामा

*

मरोळ, अंधेरी पूर्व
१९ जुलै २०२५

मामा,

हे पत्र पोस्टाने येणार नाही. वकीलबाई शुभा मॅडम सोमवारी सह्यांचे कागद घेऊन तुला भेटणार आहेत, त्या कागदांत मी हे बंद पाकीट घातलंय. त्यांना सांगितलंय की आईने लिहिलंय. म्हणजे आणखी एक खोटं.

तुझ्या पत्रात तू त्या पहाटेचं इतकं नीट लिहिलंयस की क्षणभर मलाच खरं वाटलं. त्याचीच भीती वाटली. म्हणून जे झालं ते मी एकदा तरी कागदावर लिहिणार आहे.

पुनरुत्थानाच्या रविवारची सूर्योदयाची उपासना दरवर्षीप्रमाणे जुहूला होती. तुला दोन दिवस ताप होता, म्हणून तुला उठवलं नाही. वाळूत रोवायचा वधस्तंभ, माइक, सतरंज्या गाडीत भरून मी एकटीच निघाले. सगळ्या मंडळीसमोर माझा पहिलाच मोठा उपदेश होता, मला सगळ्यांच्या आधी पोचायचं होतं. पार्ल्याच्या वळणावर माझा वेग जास्त होता. सायकलच्या हँडलला दोन्ही बाजूंना पेपरच्या पिशव्या लटकत होत्या. त्या दिसल्या तेव्हा ब्रेक दाबून उपयोग नव्हता.

मी खाली उतरले. ते पेपरवाले शुद्धीवर होते. रस्त्यावर कुणी नव्हतं, माझ्या हातात फोन होता. पडलेल्या माणसाला ओलांडून जाऊ नये हे मी संडे स्कूलच्या मुलांना सात वर्षं शिकवलंय. अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर तरुण संघाकडून मीच पाठ करून घेतलाय. तो नंबर मी लावला नाही. मी तुला लावला. मामा येईल, मामा बघेल, एवढंच डोक्यात होतं. तू रिक्षाने पोचेपर्यंत बावीस मिनिटं गेली. त्या बावीस मिनिटांतलं सगळं मला अजून लिहिता येत नाही.

तू आलास, त्यांच्याकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "किल्ली दे आणि जा. उपदेश चुकवू नकोस." मी किल्ली दिली. नको म्हणाले नाही, हे विसरू नकोस. त्याच रिक्षाने मी जुहूला गेले, सामान मामा आणतोय म्हणून सांगितलं आणि एकाने सगळ्यांसाठी आपला जीव कसा दिला ते अर्धा तास सांगितलं. लोक रडले. आई म्हणाली, आज तुझे बाबा हवे होते. तेवढ्यात तिकडे डॉक्टर तुला सांगत होते की अर्धा तास आधी आणलं असतं तर माणूस वाचला असता.

उशीर केलास म्हणून कलम वाढलं, आणि तुझी जुनी दारूची केस निघाली म्हणून जामीन मिळाला नाही. उशीर माझा होता. मामा, तू फक्त हो म्हण, मी त्याच दिवशी पोलीस स्टेशनला जाते.

शीतल

*

३० जुलै २०२५

शीतल,

तुझं पत्र दोनदा वाचलं, मग बारीक तुकडे करून मोरीत सोडलं. माझं हे त्याच वकिलीच्या कागदांतून येतंय, हेही वाचून फाडून टाक. शुभा मॅडमच्या हातून असली पत्रं पुन्हा पाठवू नकोस, त्यांची सनद जायची आणि आपली वाट लागायची.

मी हो म्हणणार नाही. का ते ऐक.

एकवीस वर्षांपूर्वी मी मरोळ नाक्याला गटाराच्या कडेला पडलेला असायचो. टेम्पो दारू पिऊन दुकानात घातला होता, नोकरी गेली, बायको माहेरी गेली ती गेलीच. माझ्या सख्ख्या थोरल्या भावाने एकदा मला तिथे बघितलं आणि रस्ता ओलांडून पलीकडून गेला. ना ओळख ना नातं, तरी तुझ्या बाबांनी उचललं. पाळकसाहेब माणूस, पांढरा झगा घालून उपासनेला निघालेले. उपासना तासभर थांबवली, मला स्वतःच्या हाताने आंघोळ घातली, चर्चच्या मागची खोली दिली आणि घंटेची दोरी हातात दिली. मी म्हणालो, साहेब, माझी काय लायकी? ते म्हणाले, लायकी विचारून कुणाला उचलत नसतात. पुढे जग सोडून जाताना त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, शांतवन, शीतलला जप. बस्स, एवढंच मागितलं त्या माणसाने माझ्याकडे.

आता तूच तोलून बघ. तू आपल्या मंडळीतली पहिली बाई पाळक होणार. तुझ्या हातून किती लग्नं लागतील, किती मुलांना बाप्तिस्मा होईल, किती मरणाऱ्यांच्या उशाशी तू बसशील. आणि दुसऱ्या पारड्यात कोण? बासष्ट वर्षांचा एक घंटा वाजवणारा. ना मूल ना बाळ. आपल्या माणसासाठी जीव देण्याहून मोठं प्रेम नाही, हे तूच शिकवतेस ना? मग मला करू दे की. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून काहीतरी बरं होतंय.

बावीस सप्टेंबरला कोर्ट आरोप वाचून दाखवेल आणि विचारेल, कबूल आहे का. मी कबूल म्हणणार. मग खटला नाही, साक्षी नाहीत, कुणी काही खणून काढणार नाही. तोवर तू फक्त गप्प राहा.

मामा

*

मरोळ
१७ ऑगस्ट २०२५, रविवार

प्रिय मामा,

हे पोस्टाने पाठवते आहे, साहेबांनाही माझा नमस्कार.

आज उपासनेनंतर दीक्षेची तारीख जाहीर झाली, अठ्ठावीस सप्टेंबर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईने झग्यासाठी कापड आणलंय, रोज माझ्या खांद्याचं माप घेते आणि म्हणते तू बारीक झालीस.

तुला एक सांगायचं होतं. पार्ल्याला त्या वळणाच्या पुढे त्या गेलेल्या पेपरवाल्यांचा, धाकू परबांचा, ठेला आहे. तो आता त्यांची मुलगी चालवते. श्रुतिका नाव तिचं. मी गेले दोन महिने रोज सकाळी तिथे जाऊन पेपर घेते. ती मला कॉलेजातली कुणी बाई समजते. कोकणातलं घर, एकुलती एक. दीड वर्षापूर्वी तिने घाटकोपरच्या चैतन्य कांबळेशी घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हापासून वडील तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. आणि आता ती त्यांच्याच स्टुलावर बसून पेपरच्या घड्या घालते.

मी काही बोलत नाही. पेपर घेते आणि येते. घरी चौसष्ट पेपर साठलेत.

तुझी
शीतल

*

मध्यवर्ती कारागृह
६ सप्टेंबर २०२५

प्रिय शीतल,

त्या ठेल्यावर जाणं बंद कर. पेपर मरोळलाही मिळतात.

बुधवारी मला दिंडोशीच्या कोर्टात नेलं होतं. व्हरांड्यात बाकावर बसलो होतो, हातात बेडी, शेजारी हवालदार. एक बाई समोर येऊन उभी राहिली. हवालदार हटकायला लागला, तर ती म्हणाली, मी मीरा परब, त्याने मारलेल्या माणसाची बायको. हवालदार मागे सरकला. मी मान खाली घातली. शिव्या येतील म्हणून वाट बघत होतो, आल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "शिक्षा घेवन माका काय करूचा हा? माका एवढाच सांग, जाताना ते काय बोल्ले?"

 मी म्हणालो, काही बोलले नाहीत हो, शुद्धच नव्हती, शांतपणे गेले. ती पदराने तोंड पुसून निघून गेली. मला वाटतं, त्रास न होता गेला हे ऐकून तिला बरं वाटलं असणार. मलाही जरा हलकं वाटलं. साहेबांनी हे वाचलं तरी हरकत नाही, खरं तेच लिहिलंय.

आता सोळा दिवस राहिले. झगा शिवून झाला का? खांद्यात ढिला ठेवायला सांग, हात वर करून आशीर्वाद देताना काचतो, तुझे बाबा नेहमी कुरकुरायचे.

तुझा
मामा

*

मरोळ
९ सप्टेंबर २०२५

मामा,

तू सांगितलंस तरी हे शुभा मॅडमच्या हातून पाठवते आहे. त्यांना या वेळी आईचं नाव सांगितलं नाही. 'माझं आहे, काय आहे ते विचारू नका' म्हणाले. त्यांनी पाकीट घेऊन कागदांत सरकवलं.

ते बोलले होते, मामा. बावीस मिनिटांतलं जे मला लिहिता येत नव्हतं ते हेच. मी रस्त्यावर बसून त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. त्यांनी डोळे उघडले, माझा हात धरला आणि म्हणाले, "श्रुतिकाक सांग, माझो राग कधीच गेलो. मीच बोलूक गेलंय नाय." मला नीट कळलं नाही असं वाटून त्यांनी ते पुन्हा सांगितलं. मी म्हणाले, सांगते. मग पाणी मागितलं. माझी बाटली गाडीत होती. ती आणायला उठले तर हात सोडेनात. म्हणून पाणी दिलंच नाही.

म्हणजे मी एका मरणाऱ्या माणसाला शब्द दिला आणि साडेचार महिने तो गिळून बसले. कारण निरोप सांगायचा तर मी तिथे होते हे सांगावं लागतं. रोज तिच्यासमोर उभी राहते आणि सुट्टे पैसे देऊन परत येते.

आता तू तिच्या आईला काय सांगितलंस त्याचं पुढे काय झालं ते ऐक. शुक्रवारी श्रुतिकाने माझ्या हातात पेपर दिला आणि आपणहून बोलायला लागली. म्हणाली, त्या ड्रायव्हरने सांगितलं, बाबा काहीच बोलले नाहीत. म्हणजे राग पोटात घेऊनच गेले. पूर्वी ते पलीकडच्या गल्लीतून जायचे, माझ्या लग्नावरून लोक टोचून बोलायला लागले म्हणून त्यांनी वळणाचा रस्ता धरला. माझ्यामुळेच गेले. ती घाटकोपरचं घर सोडून आईकडे आली आहे. चैतन्यला कळवलंय की परत येणार नाही. तो रोज संध्याकाळी ठेल्यापाशी येऊन उभा राहतो, ती मान वर करत नाही. मी विचारलं, त्याची काय चूक? म्हणाली, "बाबांनी जीव दिला ना, मग मीपण काहीतरी सोडायला नको?"

मामा, आपल्या दोघांच्या खोट्यापायी ती पोरगी आपला संसार मोडते आहे. तू एका जिवाला वाचवायला निघालास. मधल्या मधे दुसऱ्या कुणाचा जीव जातोय तो कुठल्या पारड्यात घातलास?

तू आणि मी धाकू परबांना कधी मोजलंच नाही. मी माझी दीक्षा मोजली, तू बाबांना दिलेला शब्द मोजलास. बावीस तारखेला कबुली देऊ नकोस. मी पाया पडते.

शीतल

*

१६ सप्टेंबर २०२५

शीतल,

हे उत्तरही शुभा मॅडमच्याच कागदांतून येतंय. तुझं पत्र वाचून दोन दिवस डोक्यात तेच घोळत राहिलं. मग म्हटलं, निरोप पोचणं महत्त्वाचं, कुणाच्या तोंडून पोचतो त्याला काय. पोस्टमन बदलला म्हणून पत्र बदलत नाही.

काल पुन्हा कोर्टात नेलं होतं. मीराबाई आल्या होत्या, सोबत मुलगीही होती. मी हवालदाराच्या हातापाया पडून दोन मिनिटं मागून घेतली. म्हणालो, मागच्या वेळी घाबरलो होतो म्हणून आठवलं नाही, ते बोलले होते. श्रुतिकाला सांग म्हणाले, माझा राग कधीच गेला, मीच बोलायला गेलो नाही. तू लिहिलंस ते शब्द न् शब्द सांगितले.

पोरीचा चेहरा क्षणभर उजळला. मग तिने विचारलं, त्यांनी डोळे उघडले होते का? मी म्हणालो, हो. तिने विचारलं, कुठला हात धरला तुमचा? मी उजवा पुढे केला. मग तिने विचारलं, मागच्या वेळी तुम्ही म्हणालात शुद्धच नव्हती, त्याचं काय? मी पुढे केलेला हात मागे घेतला. ती म्हणाली, "काका, शिक्षा कमी व्हावी म्हणून आम्हाला गोड बोलताय ना? मेलेल्या माणसाच्या तोंडी तरी शब्द घालू नका." आईचा हात धरून निघून गेली.

मी आजवर पुष्कळ मार खाल्लाय, पण असा कुठे लागला नव्हता. खरं सांगत होतो गं मी, आयुष्यात इतकं खरं कधी बोललो नव्हतो, आणि ते माझ्या तोंडून खोटंच झालं.

पण म्हणून काही बदलत नाही. काळ जाईल, तिची समजूत पटेल, तरुण आहे. तू सहा दिवस गप्प बस. ज्याने मला उचललं त्याला मी वर जाऊन काय तोंड दाखवू, त्याची पोर तुरुंगात धाडून आलो म्हणून?

मामा

*

मरोळ पोस्ट ऑफिस
१८ सप्टेंबर २०२५, गुरुवार

प्रिय मामा,

आणि हे पत्र तुझ्या आधी उघडणाऱ्या साहेबांना सविनय नमस्कार.

हे मी स्पीड पोस्टाने पाठवते आहे. साहेबांनी वाचावं म्हणूनच पोस्टाने पाठवते आहे. साहेब, कृपया सगळं वाचा आणि ज्यांना कळवायचं त्यांना कळवा.

वीस एप्रिल दोन हजार पंचवीसला पहाटे पार्ल्याच्या वळणावर चर्चची गाडी मी, शीतल साळवे, चालवत होते. धाकू परबांना धडक माझ्या हातून बसली. अ‍ॅम्ब्युलन्स न बोलावता मी मामाला, म्हणजे शांतवन पाटोळे यांना, फोन केला. त्या वेळी ते मरोळच्या खोलीत तापाने झोपले होते. पाच वाजून चार मिनिटांचा तो फोन माझ्या आणि त्यांच्या दोन्ही फोनवर नोंदलेला असेल. कुणी बघितलं नाही, कारण त्यांनी आपणहून गुन्हा अंगावर घेतला. या पत्राची प्रत मी शुभा मॅडमकडे कोर्टासाठी दिली आहे. त्यांनी वाचली, खुर्चीत बसल्या, आणि पहिल्यांदा मला 'अहो' न म्हणता 'शीतल' म्हणाल्या.

आता तुझ्याशी बोलते, मामा. साहेबांनी ऐकलं तरी चालेल.

मी आधी पोलीस स्टेशनला का गेले नाही, सांगू? तीनदा गेले होते. तीनदा दारातून परतले. प्रत्येक वेळी तुझंच वाक्य कामाला आलं, मामाने सांगितलंय गप्प बस. म्हणून आज आधी पत्र. पोस्टाच्या पेटीत पडलेलं पाकीट हात घालून काढता येत नाही. मी मला ओळखते, मला परत फिरायला वाट ठेवायची नाही.

तू म्हणतोस, आपल्या माणसासाठी जीव देण्याहून मोठं प्रेम नाही. खरं आहे. तू केलंस तसं प्रेम माझ्यावर पुन्हा कुणी करणार नाही, हे मी झोपेतही विसरणार नाही. पण ज्याने आपल्यासाठी वधस्तंभावर जीव दिला, त्याच्या देण्यात एकही खोटा शब्द नव्हता. त्याने पाप झाकलं नाही, सगळ्या जगासमोर उघडं केलं आणि मग उचललं. आपण दोघांनी आधी झाकलं आणि मग त्याला बलिदान म्हटलं. कोणाही माणसाला आपल्या भावाच्या जिवाची खंडणी भरता येत नाही. बाबा स्तोत्रातलं हे वाक्य किती वेळा म्हणायचे, आणि मला वाटायचं ते दुसऱ्या कुणासाठी आहे.

आणखी एक. तुझा जीव स्वस्त आहे हे तुला कुणी सांगितलं? बाबांनी तुला गटाराच्या कडेवरून उचललं ते पुढेमागे माझ्या जागी खपवायला उचललं का? तसं असेल तर ते कसले पाळक. त्यांनी तुझ्यासाठी उपासना थांबवली, मामा. तासभर. तुझी किंमत त्यांनी तेव्हाच सांगितली होती, तुला ती एकवीस वर्षांत पटली नाही.

शनिवारी सकाळी मी ठेल्यावर जाणार. आधी श्रुतिकाला निरोप सांगणार. तिने डावा हात की उजवा विचारलं तर मला सांगता येईल. तिथून पोलीस स्टेशन. आईला आज सांगितलं. ती झग्याची शिवण उसवत बसली, एकेक टाका नीट, कापड फाटू न देता.

मला भीती वाटते, मामा. खूप वाटते. पण पाच महिन्यांत आज पहिल्यांदा मला प्रार्थना करता आली.

तुझी
शीतल

*

मरोळ
२ नोव्हेंबर २०२५, रविवार

प्रिय शीतल,

आता पाकिटावर महिला कारागृहाचा पत्ता मी घालतो आणि उघडून वाचणाऱ्या बाई तुझ्याकडच्या. त्यांना माझा नमस्कार. बाई, पोरीला रात्री दूध मिळत असेल तर बघा, ती मागणार नाही.

मी मंगळवारी सुटून आलो. पोलिसांना खोटी माहिती दिली म्हणून माझ्यावर वेगळी केस आहे, तारखांना जावं लागेल. ती मात्र माझी स्वतःची आहे, त्यामुळे काही वाटत नाही.

तुझं ते पत्र मला साहेबांनी केबिनमध्ये बोलावून स्वतः वाचून दाखवलं. मी इतका चिडलो की साहेबांसमोर टेबलावर हात आपटला. म्हणालो, खोटं आहे, पोरगी वेडी झाली आहे. साहेब म्हणाले, पाटोळे, बसा. आणि शेवटचा भाग पुन्हा वाचला, तो उपासना थांबवल्याचा. मग मी रडलो. इतकी वर्षं मी तुझ्या बाबांचे उपकार फेडायला धडपडत होतो. ते उपकार नव्हतेच, हे तुरुंगाच्या साहेबाच्या तोंडून कळायचं होतं. मला वाटत होतं मी वधस्तंभ उचललाय. मी नुसती तुझी जागा अडवून बसलो होतो.

मंडळीतले काही लोक बोलत नाहीत. जुहूच्या त्या उपदेशाला रडलेल्यांचा राग सगळ्यात जास्त आहे. नलिनीआक्का रोज पुढच्या बाकावर बसते, ताठ. घंटा पुन्हा माझ्याकडे आली. आक्काने सहा महिन्यांत दोरीची पार वाट लावली आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. आज उपासना संपताना मागच्या बाकावर श्रुतिका बसलेली दिसली. शेजारी तिचा नवरा होता, चैतन्य. लोक गेल्यावर ती माझ्यापाशी आली. म्हणाली, त्या शनिवारी ठेल्यावर तुझं पहिलं वाक्य ऐकलं आणि कानात नुसतं वाजायला लागलं. तुझ्या अंगावर पेपरचा गठ्ठा फेकला एवढं आठवतं. तू काय काय सांगितलंस त्यातलं अर्धंही डोक्यात शिरलं नाही. तुला माफ केलंय असं ती म्हणाली नाही, आणि मी विचारलंही नाही. घाटकोपरला परत गेली आहे, ठेला सकाळपुरता उघडते.

तिला सगळं पुन्हा ऐकायचंय, पहिल्यापासून. बाबांचा आवाज कसा होता, दुखत होतं का, तिचं नाव घेताना थांबले का, पाणी मागितलं तेव्हा काय म्हणाले. मी सांगितलं, पत्र तिथल्या बाई आधी उघडून वाचतील. ती म्हणाली, वाचू देत, कितीजणांनी वाचायचं तितक्यांनी वाचू देत. जाताना बाकावर एक कोरी वही ठेवून गेली आहे, उत्तर आलं की त्यात उतरवून घेणार.

मी वही उघडून बघितली, पेनही काढलं. पण मला काय लिहिता येणार, पोरी. तिथे मी नव्हतो. तू लिही.

तुझा
शांतवनमामा